सर्व्हर राखणार कोण

आमच्या घरी प्यायला पाणी नव्हतं आणि आमच्या राखणीत एक पोहण्याचा तलाव होता. हे मी हसवायला सांगत नाही, तसंच होतं. आमचं गाव आटगाव स्टेशनपासून बरंच आत, शहापूर तालुक्यात. तालुक्यात धरणं एवढी की मुंबई त्यावर आंघोळ करते, आणि आमच्या वाडीत मार्च लागला की हंडे टँकरच्या रांगेत. जमीन नावावर नव्हती. बाबा लावणीला जायचे, वीटभट्टीवर जायचे, कुठं बांधकाम निघालं तर तिथं जायचे. मी दुसरीत असताना मुंबईच्या एका शेठनं मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या पुढं फार्महाऊस बांधलं आणि बाबांना राखणीला ठेवलं. गेटाजवळ एक खोली, वर पत्रा. त्या खोलीत आम्ही तिघं राहिलो ते मी पदवीधर होईपर्यंत.

रेशन कार्ड शहापूर तालुक्यात आणि पोट मुरबाड तालुक्यात, अशी आमची व्यवस्था होती. धान्य आणायचं तर बाबांना एक दिवस गावी जावं लागे, आणि शेठला वाटे की राखणदार फाटकापासून हललेलाच नाही. आई सगळा बंगला झाडायची, पाहुण्यांच्या भाकऱ्या थापायची. तिला पगार नव्हता. एकदा तिनं तोंड उघडलं, तर शेठ म्हणाले, "अगं, तुम्ही राहताच की इथं." म्हणजे राहणं हाच पगार. माझं इंग्रजी तलावात टाकायच्या पावडरीच्या डब्यावर झालं. ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’ हे मी आधी इंग्रजीत वाचलं, आणि ते माझ्याबद्दलच आहे हे नंतर कळलं.

मी मुरबाडला एस.टी.नं जाऊन शिकले आणि पदवी घेतली. आमच्या घरात पहिली. घरात म्हणजे बापाकडून आणि आईकडून जेवढी माणसं कुणाला आठवतात तेवढ्यांत पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. विहारात माझा सत्कार झाला तेव्हा पुष्पगुच्छ एकच होता आणि सत्कारमूर्ती दोन, म्हणून फोटो काढून झाल्यावर तो मी दुसऱ्या मुलीकडं दिला. पण फोटो आहे.

पदवीनंतर मुरबाडच्या एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम जुळवायच्या कामाला लागले. आमच्या भागात लग्न म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. हळदीचं शूटिंग लग्नापेक्षा मोठं. वरातीला दोन कॅमेरे, वर एक ड्रोन. एका लग्नाचा माल इतका होतो की ई-मेल त्याच्यापुढं हात जोडतो. मग तो माल कल्याणच्या लॅबला जायचा कसा? पेन ड्राइव्ह पाकिटात घालायचा, वर ‘लग्न, अर्जंट’ लिहायचं आणि कल्याणला जाणाऱ्या जीपवाल्याच्या हातात द्यायचा. लॅबचा माणूस स्टँडवर येऊन घेऊन जायचा. आमच्या दोन तालुक्यांतले झाडून सगळे फोटोग्राफर हेच करायचे, आणि हे काम इतक्या विश्वासानं चालायचं की कुणी जीपवाल्याचं नावही विचारत नव्हतं.

मग एका जीपवाल्यानं वाटेत गाणी ऐकावीत म्हणून आमच्या स्टुडिओचं पाकीट फोडलं. पेन ड्राइव्ह गाडीच्या टेपला लावला, तर त्यात गाणी नाहीत. स्टँडवर एका पोराकडून त्यानं गाणी भरून घेतली, आणि जागा पुरेना म्हणून आतलं लग्न काढून टाकलं. कल्याणच्या लॅबला पोचली ती दोनशे गाणी. जीपवाला म्हणाला, "मना काय ठाव आत लगीन हाय? वर फकस्त अर्जंट लिवलेला." पाकिटावर ‘लग्न’ आधी होतं, पण ते त्यानं वाचलं नाही.

त्या प्रकरणात नवरीच्या मामांनी आमच्या स्टुडिओसमोर ठाण मांडलं, आणि तिथंच माझ्या डोक्यात वेबसाइट आली. फोटोग्राफरनं फाइल चढवायची, लॅबनं उतरवायची, जीपवाल्यानं गाणी ऐकायची. मी वेबसाइट बनवली. कॉलेजात शिकलेलं अर्धं आणि स्वतः शिकलेलं अर्धं. नोकरी सोडली. आईनं एवढंच विचारलं, "पगाराचा काम सोडून बिनपगारी काम धरतात, ह्यालाच शिक्षान बोलतात काय गो?"

पहिल्यांदा मी वेबसाइट ठेवायला स्वस्तातली जागा भाड्यानं घेतली. एक सर्व्हर, त्यात शेकडो वेबसाइटी, म्हणजे चाळीत एक नळ आणि सगळ्यांचे हंडे. जाहिरातीत लिहिलं होतं ‘अमर्याद’. एका रविवारी तीन फोटोग्राफरांनी एकदम तीन हळदी चढवल्या, आणि कंपनीनं माझं खातं बंद केलं. मी फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, अनलिमिटेड आहे, पण योग्य वापरापुरतं." मी म्हटलं, योग्य म्हणजे किती? ती म्हणाली, तेवढं लिमिट सांगता येत नाही, मॅम, कारण अनलिमिटेड आहे.

मुरबाडचे एक फोटोग्राफर आमच्याकडच्या सगळ्या फोटोग्राफरांचे म्होरके होते. वयानं मोठे, पोटही मोठं, गळ्यात नेहमी कॅमेरा, अगदी चहा पितानासुद्धा. त्यांनी मला बोलावलं आणि चारचौघांसमोर सुनावलं.

"ताई, तुमच्या वेबसाइटपेक्षा जीपवाला बरा. तो निदान गाणी तरी पाठवतो."

बाकीचे हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करणार.

मग ते जरा नरमले. "हे बघा, मे महिन्याचा सीझन तुमच्यावर टाकतो. आपल्याच भागातली पोरगी हाय म्हणून. पण येक जरी लगीन अडकला ना, त्याच दिवशी आमी सगळे पेन ड्राइव्हवर. मंग तुमी आणि तुमची वेबसाइट. कबूल?"

कबूल म्हटलं. मे महिन्याला तीन महिने होते. एक लग्न अडकलं की माझं काम बंद, आणि परत स्टुडिओत नोकरी मागायला जायचं, तेही त्याच लोकांसमोर. मी घरी आले आणि ठरवलं की आता चाळ नको. स्वतःचा, पूर्ण सर्व्हर भाड्यानं घ्यायचा, ज्यावर आपलीच वेबसाइट असेल. आणि तो सांभाळायलाही कंपनीचीच माणसं असतील, कारण मी एकटी वेबसाइटही बघणार, फोटोग्राफरही बघणार आणि मशीनही बघणार, हे होण्यासारखं नव्हतं. याला ‘मॅनेज्ड डेडिकेटेड’ म्हणतात. शब्द मोठा आहे. मी तो घरात दोनदा मोठ्यानं म्हणून बघितला.

आता पदवीधर माणूस निवड करतो म्हणजे काय करतो? तक्ता करतो. मी कॉम्प्युटरवर तक्ता केला, अठ्ठावीस रकाने. प्रोसेसर, मेमरी, डिस्क किती, महिन्याला किती माल आत-बाहेर जाणार, मशीन कुठल्या शहरात, सुरक्षा कसली, सगळं. प्रत्येक कंपनीला गुण. तक्त्याला मी रंगही दिले. बाबांना दाखवला, तर ते म्हणाले, "लय भारी. साड्यांचा सेल लागल्यागत दिसते."

तोवर शेठनं फार्महाऊस विकलं होतं आणि तिथं प्लॉट पाडले जात होते. बाबा गावी घरी होते. पंधरा वर्षं दुसऱ्याचं घर राखल्यावर स्वतःच्या घरात नुसतं बसणं त्यांना जड जायचं, त्यामुळं माझे सगळे फोन ते कान देऊन ऐकायचे. मीही स्पीकर लावायचे, कारण आमच्याकडं रेंज ओट्यावरच मिळते आणि ओट्यावर सगळं घर बसतं.

विक्रीवाल्यांचे फोन यायला लागले. पहिल्याच कंपनीचा गृहस्थ म्हणाला, "मॅम, सरांशी बोलता येईल का?"

"कुठले सर?"

"जे डिसिजन घेतात ते."

"ते डिसिजन मीच घेते."

"ओके सर," तो म्हणाला, आणि पुढं अर्धा तास मला सर म्हणत राहिला. मी म्हणू दिलं. भाव उतरेल असं वाटलं.

त्याची कंपनी माझ्या तक्त्यात पहिली होती. त्यानं सांगितलं की त्यांचं मशीन वर्षात नव्याण्णव पॉइंट नऊ टक्के वेळ चालूच असतं. बाबांनी मान हलवली आणि मला खुणेनं काहीतरी विचारायला सांगितलं. मी विचारलं नाही, तर त्यांनी स्वतःच फोनकडं तोंड करून विचारलं, "साहेब, उरलेला येक पॉइंट कवा असतो? लग्नाच्या दिवशी?"

त्यानं मलाच विचारलं, "सर, हे कोण?"

"माझे वडील."

"नमस्ते अंकल. फुल्ली मॅनेज्ड आहे, अंकल. तुम्ही फक्त आराम करायचा."

बाबा पुढं म्हणाले, "आराम करतो. मशीन राखायला मानूस कोन हाय?"

"चोवीस तास आमची टीम आहे."

"टीम नको. मानूस सांगा. आणि बघायला कवा येऊ?"

डेटा सेंटरला, म्हणजे मशीन ठेवतात तिथं, बाहेरच्या कुणाला सोडत नाहीत, असं त्यानं हसत सांगितलं. फोन ठेवल्यावर मी बाबांवर चिडले. मी पदवीधर, मी अठ्ठावीस रकाने केलेत, आणि हे सर्व्हर बघायला जायचं म्हणतात, जणू सोयरीक जमवायची आहे. बाबा शांत होते. ते म्हणाले, "बाय, तुझ्या त्या कागदावर राखनदाराचा घर कुठं हाय?"

मी पाहिलं. अठ्ठाविसाव्या रकान्यात होतं. ‘सपोर्ट: चोवीस तास.’ सगळ्या कंपन्यांच्या पुढं तेच लिहिलं होतं, म्हणून सगळ्यांना मी सारखेच गुण दिले होते.

"मी पन चोवीस तास होतो," बाबा म्हणाले. "शेठ पाहुन्यांना सांगायचा ना, आमचा मानूस चोवीस तास असतो म्हनून."

आई भाजी निवडत होती. ती तिथूनच बोलली, "हां, चोवीस तास! इचार त्यांना कुठं असायचे ते. शेठचा फोन आला की बोलायचे, सगला ठीक हाय शेठ, तलावाला पानी बराबर हाय. आणि हे उभे कुठं? हितं, आपल्या वाडीत, रेशन न्यायला आलेले, टँकरच्या रांगेत. हातात हंडा!"

बाबा हसले. इतके हसले की डोळे पुसले. मग त्यांनी सगळा कबुलीजबाब दिला. शेठचा फोन रविवारी जेवणाच्या वेळी यायचा, म्हणून रविवारी जेवणाच्या वेळी ते असतील तिथं फोन हातात घेऊन तयार असायचे. शेठ येणार असला की कल्याणला गाडी कधी, मुरबाडला गाडी कधी हे त्यांना रस्त्यावरचे चहावाले कळवायचे. शेठ यायच्या दहा मिनिटं आधी पाण्याची मोटार लावायची, बागेत पाइप सोडायचा, अंगावरचा सदरा जरा भिजवायचा. शेठ म्हणायचा, वा, किती कष्ट करतोस!

"मंग शेठला कधी कललाच नाय?" मी विचारलं. बोलता बोलता मीही त्यांच्यासारखी बोलायला लागले होते.

"शेठला नाय. शेठ काय इचारायचा? सगला ठीक हाय काय. त्याला उत्तर येकच. पन शेठानी..." बाबांनी कानाला हात लावला. "ती बाई मना फोनवर सांगायची, तलावाच्या कडेला माजी चप्पल ऱ्हायली हाय, डाव्या चपलेचा पट्टा कुठं तुटलाय ता बघून सांग. आता जो तिथं नाय तो काय सांगनार? त्या बाईला मी कधी फसवला नाय. फसवता आलाच नाय."

मी तक्ता बंद केला. तो मला तेव्हा खरंच साड्यांच्या सेलसारखा दिसायला लागला होता.

पुढच्या आठवड्यात मी ती पहिली धरून तीन कंपन्यांशी बोलले. दोघांनी आठवडाभर मशीन फुकट वापरायला दिलं. तिसरी कंपनी माझ्या तक्त्यात पाचवी होती. तिची वेबसाइट जुनाट, आणि फोन उचलणारा माणूस तुसडा. तो म्हणाला, फुकट देत नाही, एक महिन्याचं घ्या, नाही आवडलं तर सोडा. आणि त्यानं एक प्रश्न विचारला जो बाकी कुणीच विचारला नव्हता. "तुमच्या साइटवर लोक काय टाकणार?"

"लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ."

"नवे सिनेमेही टाकतील. ‘साखरपुडा फायनल’ नाव देऊन टाकतील. तक्रार आली की मी तुम्हाला कळवीन आणि ती फाइल काढायला लावीन. चालणार असेल तर घ्या."

मला रागच आला. आमच्या भागातले लोक असं करतात असं हा कोण म्हणणार? नंतर मी आमच्या साइटवरचे जुने साखरपुडे तपासले. एक तीन तासांचा होता आणि त्यात हेलिकॉप्टर होतं.

तिसरीचं एक महिन्याचं भाडं भरलं आणि तीनही मशीनवर वेबसाइटची एकेक प्रत बसवली. मग रविवारी दुपारी, जेवणाच्या वेळी, आम्ही ओट्यावर बसलो. मी तीनही ठिकाणी वेबसाइटचा फाइल चढवणारा भाग मुद्दाम बंद केला. पहिलं पान उघडत होतं, छान दिसत होतं, पण एक फोटोही वर जात नव्हता. आता कंपन्यांना कळवायचं, ‘काहीतरी बिघडलंय, बघून सांगा.’ बाबांनी भाकरी हातात धरून ठेवली होती. इतकी वर्षं फोन उचलणारा माणूस त्या दिवशी फोन करणाऱ्याच्या बाजूला बसला होता, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पहिल्या कंपनीचं उत्तर दोन मिनिटांत. "मॅम, आम्ही तपासलं. सगळं ठीक आहे. सर्व्हर उत्तम चालू आहे."

बाबा म्हणाले, "टँकरच्या रांगेत हाय तो."

दुसऱ्या कंपनीकडून निरोप आला की तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. दहा मिनिटांनी पुन्हा आला, की तुमची तक्रार आमच्यासाठी अजूनही महत्त्वाची आहे. आई म्हणाली, "हा तर आपला तलाठीच."

तिसऱ्याचा फोन वीस मिनिटांनी आला. तोच तुसडा माणूस. तोंडात घास असावा असं बोलत होता.

"मॅडम, बिघडलेलं काही नाही. तुमच्याच लॉगिननं कुणीतरी अपलोड बंद केलंय, अर्ध्या तासापूर्वी. तुम्ही केलंत का?"

मी बाबांकडं बघितलं.

"चालू करून दिलंय. पुढच्या वेळी परीक्षा घ्यायची तर जेवणानंतर घ्या. आणि दुसरं, तुम्ही बॅकअप त्याच डिस्कवर ठेवलाय. डिस्क गेली तर माल आणि त्याची प्रत दोन्ही एकदम जाणार. हे कुणी केलं?"

"मी."

"शिकलेल्या आहात ना?"

फोन स्पीकरवर होता. आई, बाबा आणि शेजारच्या काकी, ज्या फक्त मीठ मागायला आल्या होत्या, सगळ्यांनी ते ऐकलं. विहारातला सत्कार, फोटो, सगळं त्या एका वाक्यात गेलं. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "असल्या तोंडाच्या माणसाकडं मी मशीन ठेवणार नाही. पहिला निदान नीट बोलतो."

बाबांनी आता कुठं भाकरी मोडली. "नीट तर मी बोलायचो, शेठबरोबर. पंधरा वर्सं."

पदवीत असलं काही शिकवत नाहीत. संध्याकाळी मी तिसऱ्या कंपनीला हो कळवलं, बॅकअप दुसऱ्या शहरातल्या मशीनवर हलवला, आणि कसा हलवायचा तेही त्याच माणसाला विचारलं. त्यानं सांगितलं. मध्ये दोनदा "हे पण माहीत नाही?" म्हणाला, तेही ऐकून घेतलं.

मे आला. एकेका तिथीला इतकी लग्नं की फोटोग्राफरांनी पुतणे, भाचे, मेहुणे सगळ्यांच्या हातात कॅमेरे दिले. हळदी चढत होत्या, वराती उतरत होत्या. मी जेवताना एका हातानं घास आणि दुसऱ्या हातानं फोन, असा महिना काढला. महिन्याच्या मध्यावर, सर्वांत मोठ्या तिथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाचा निरोप होता. ‘एक डिस्क गेली होती. जोडीला लावून ठेवलेल्या दुसरीवर काम चाललं, गेलेली बदलली. माल शाबूत आहे, मोजून बघितला. तुम्ही कशालाही हात लावू नका.’ मी घाबरून सगळं तपासलं. एकही फाइल हरवली नव्हती, वेबसाइट एक मिनिटही थांबली नव्हती. मी हात लावला नाही.

त्याच दिवशी मुरबाडच्या म्होरक्या फोटोग्राफरांचा फोन आला. मी म्हटलं, बोला दादा, कुठलं लग्न अडकलं?

"लग्न नाय गो. तुमच्या वेबसाइटचा रंग कसला हा? हिरव्यावर पिवला. हळदीला चालतो, पन लग्नाला जरा गुलाबी करा ना."

"बाकी काही?"

"बाकी काय? बाकी चालतेच हाय."

रंग मी गुलाबी केला. मे संपला. त्या सीझनला एकही लग्न अडकलं नाही आणि कुणीही पेन ड्राइव्हवर परत गेलं नाही. आज मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांतले फोटोग्राफर आपला माल कल्याणच्या लॅबला माझ्या वेबसाइटवरून पाठवतात. वेबसाइट माझ्या नावावर आहे, आमचं घर तिच्यावर चालतं, आणि घरकामाचा आईला आता दर महिन्याला माझ्याकडून पगार मिळतो.